पाण्यांतील विष, कर्करोगाची गणना व न्यायासन

आमच्या भागांत कर्करोगाचे रोगी फार वाढले आहेत व अमुक कारखान्याचें पाणी त्यास कारण आहे, असें पुष्कळ ठिकाणीं ऐकूं येतें. तसें बोलणें सोपें आहे. परंतु तेंच न्यायासनापुढें शाबीत करणें ही अगदीं निराळी गोष्ट होय. तें कसें शाबीत होतें व त्यास किती काळ लागतो, याचा चांगला धडा अमेरिकेंतील पार्कर्सबर्गच्या दाव्यापासून मिळतो. त्या दाव्याचा आरंभ गुरें पाळणाऱ्या एका शेतकऱ्यानें केला, म्हणून तो आमच्या शेतकरीबंधूंस विशेष समजण्याजोगा आहे.

प्रथम गणनेचा विचार करूं. एखाद्या प्रदेशांतील कर्करोगाचें प्रमाण म्हणजे तेथें वर्षभरांत निघालेल्या नव्या रोग्यांची दर लाख वस्तीमागें काढलेली संख्या. तींत वयाचा हिशेब धरावाच लागतो. हा रोग बहुतांशीं उतारवयाचा आहे. ज्या गांवचे तरुण पोट भरण्यास मुंबई-पुण्यास गेले व मागें म्हातारीं माणसें राहिलीं, त्या गांवीं पाणी निर्मळ असूनहि प्रमाण अधिक दिसेल. शिवाय लहान आंकडे फार फसवे असतात. समजा, दोन हजार वस्तीच्या गांवीं सरासरीनें वर्षास दोन रोगी निघावयाचे. तर निव्वळ योगायोगानेंच अशा वीस गांवांपैकीं एखाद्यांत त्या वर्षीं पांच किंवा अधिक रोगी निघतील. शंभर गांवांच्या तालुक्यांत अशीं पांच गांवें दरसाल आढळावयाचीं, आणि त्या पांचांसहि आपल्या शेजारचा नाला दोषी वाटावयाचा. म्हणून एका गांवच्या एका वर्षाच्या आंकड्यावर दावा उभा राहत नाहीं; मोठ्या मुलखाची व अनेक वर्षांची नोंद लागते. आपल्याकडे मुंबईची कर्करोग-नोंदणी १९६३ पासून आहे. बार्शीची नोंदणी १९८७ सालीं सुरू झाली, व ती देशांतील पहिली ग्रामीण नोंदणी होय. रोगी दवाखान्यांत येईल तेव्हां येईल असें न म्हणतां तिचे कार्यकर्ते गांवोगांव हिंडून चौकशी करतात, हा तिचा विशेष.

परंतु प्रमाण अधिक ठरलें म्हणून कारण ठरत नाहीं. तें ठरविण्याचें काम कसें झालें, तें आतां पाहूं.

पार्कर्सबर्ग हें गांव पश्चिम व्हर्जिनिया संस्थानांत ओहायो नदीच्या कांठीं आहे. त्याच्या जवळ ड्युपाँट कंपनीचा टेफ्लॉन करण्याचा कारखाना होता. न चिकटणाऱ्या तव्यांस जो लेप देतात तोच हा टेफ्लॉन. तो करतांना १९५१ पासून सी-८ नांवाचें एक रसायन वापरीत असत; शास्त्रीय भाषेंत त्यास पीएफओए म्हणतात. तें मातींत कुजत नाहीं, पाण्यांत विघटत नाहीं, आणि माणसाच्या रक्तांत एकदां शिरलें म्हणजे त्याचा निम्मा अंश बाहेर पडण्यास दोन-तीन वर्षें लागतात.

या कारखान्यापासून कांहीं अंतरावर टेनंट कुटुंबाची गुरें चरत. १९८० नंतरच्या दशकांत त्या कुटुंबांतील एका भावानें आपली ६६ एकर जमीन कंपनीस विकली. कंपनीनें तेथें कचरा पुरण्याची जागा केली. तेथून निघणारा ड्राय रन नांवाचा ओढा विल्बर टेनंट याच्या कुरणांतून वाहत असे. पुढें त्याचीं गुरें रोडावूं लागलीं, वासरें मेलेलीं जन्मूं लागलीं, आणि त्याच्या हिशेबाप्रमाणें एकंदर १५३ जनावरें दगावलीं. ओढ्याच्या पाण्यावर फेंस येई. येथें या शेतकऱ्यानें जें केलें, तें मला सर्व प्रकरणांत अधिक महत्त्वाचें वाटतें. त्यानें मेलेलीं जनावरें नुसतीं पुरून टाकलीं नाहींत. स्वतः चिरून आंतील यकृत, फुप्फुस इत्यादि भाग पाहिले, व त्या सर्वांचें आणि ओढ्याचें चलच्चित्र घेऊन ठेवलें. १९९८ सालीं रॉबर्ट बिलॉट या वकिलाकडे तो गेला, तेव्हां त्याच्या हातांत तक्रारीबरोबर पुरावाहि होता. हा वकील ज्या पेढींत होता, ती एरवीं मोठ्या कंपन्यांचेंच काम करी.

१९९९ सालीं दावा दाखल झाला. त्यांत सहा पशुवैद्यांचा एक अहवाल पुढें आला. त्यांपैकीं तीन सरकारच्या पर्यावरण-खात्यानें व तीन कंपनीनें नेमलेले होते. चारा निकृष्ट, औषधोपचार अपुरे, माश्यांचा बंदोबस्त नाहीं. सारांश, दोष शेतकऱ्याचा, असा त्यांचा निर्णय. ज्यानें तालुका कचेरींत पंचनाम्यांचीं बाडें हाताळलीं आहेत, त्यास असल्या मजकुराचें नवल वाटणार नाहीं. वाळू उपसून नदीचें पात्र खचलें तरी पंचनाम्यांत अतिवृष्टि लिहिलेली मीं पाहिली आहे.

हा दावा फिरला तो कागदांनीं. सन २००० मध्यें बिलॉटच्या अर्जावरून न्यायालयानें कंपनीस आपलें दप्तर देण्यास लावलें, व १,१०,००० हून अधिक पानें त्याजकडे आलीं. तीं त्यानें तारीखवार लावून महिनेच्या महिने वाचलीं. त्यांवरून असें निघालें, कीं या रसायनानें जनावरांचें यकृत वाढतें हें कंपनीच्या शास्त्रज्ञांस १९६१ पासून ठाऊक होतें. आसपासच्या नळांच्या पाण्यांत तें उतरल्याचें १९८४ मध्यें कळलें होतें. आणि १९९१ सालीं कंपनीनेंच पिण्याच्या पाण्यासाठीं एक अब्ज भागांत एक भाग, म्हणजे दहा लक्ष लिटर पाण्यांत एक ग्रॅम, अशी मर्यादा ठरविली असतां तेथील एका पाणीपुरवठ्यांत त्याच्या तिप्पट अंश सांपडला होता. ड्राय रनच्या जागेंत ७,१०० टन दूषित गाळ टाकल्याची नोंदहि त्यांतच होती. कंपनीच्या कारकुनांनीं इमानानें फायली राखल्या म्हणून हें सर्व बाहेर आलें.

टेनंटचा दावा २००१ मध्यें तडजोडीनें मिटला. परंतु त्याच वर्षीं बिलॉटनें सरकारी खात्यांस ९७२ पानांचें पत्र लिहून सर्व हकीकत कळविली, व ऑगस्टमध्यें तें पाणी पिणाऱ्या सर्व रहिवाशांच्या वतीनें एकत्र दावा लावला. माहिती दडविल्याबद्दल सरकारशीं झालेल्या तडजोडींत कंपनीस २००५ सालीं १ कोटि ६५ लक्ष डॉलर मोजावे लागले, पण रहिवाशांच्या आरोग्याचा प्रश्न त्यानें सुटत नव्हता. येथें त्या संस्थानाच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९९९ चा एक निर्णय कामास आला: विषाचा संसर्ग शाबीत झाला, तर रोग जडण्यापूर्वींच वैद्यकीय तपासणीचा खर्च मागतां येतो.

सन २००४ मध्यें तडजोड झाली. कंपनीनें ७ कोटि डॉलर द्यावे, सहा पाणीपुरवठ्यांस कोळशाच्या गाळण्या बसवाव्या व तीन तटस्थ साथरोगशास्त्रज्ञांचें मंडळ पोसावें, असें ठरलें. अट दुधारी होती. ज्या रोगाचा सी-८ शीं संभाव्य संबंध मंडळास दिसेल, त्या रोगाचें तें कारण होऊं शकत नाहीं असें कंपनीस पुढें म्हणतां येऊं नये; ज्याचा दिसणार नाहीं, त्याबद्दल रहिवाशांस कायमचा हक्क नाहीं. वादींच्या पक्षानें तडजोडीचा पैका लोकांची तपासणी करण्याकडे लावला. माणशीं ४०० डॉलर मिळतात म्हटल्यावर २००५ व २००६ या वर्षांत सुमारें ६९,००० लोकांनीं रक्त दिलें व आजारांची माहिती लिहून दिली. एवढ्या मोठ्या वस्तीचें रक्त, पाणी व रोग यांची अशी जोडणी क्वचितच झाली असेल.

मंडळास सात वर्षें लागलीं. लोक थकले, कित्येक मेले. अखेर २०१२ पर्यंत निकाल आले: मूत्रपिंडाचा व वृषणाचा कर्करोग, थायरॉईड ग्रंथीचे विकार, मोठ्या आंतड्याचा व्रणयुक्त दाह, गरोदरपणांतील रक्तदाब व कोलेस्टेरॉलची वाढ, या सहांशीं संबंध संभाव्य ठरला. तपासलेले रोग पन्नासांहून अधिक होते. बाकी सर्व सुटले. ज्याच्या घरीं दुसऱ्याच जातीचा कर्करोग होता, त्याच्या पदरीं या दाव्यांतून कांहींच पडलें नाहीं, ही गोष्ट विसरूं नये. संबंध ठरलेल्या रोग्यांसहि आपला रोग याच पाण्यानें झाला हें प्रत्येकीं निराळें दाखवावें लागलें. २०१७ मध्यें सुमारें ३,५५० दाव्यांची तडजोड ६७ कोटि १० लक्ष डॉलरांस झाली. म्हणजे बिलॉटच्या दारीं टेनंट आला, त्यास एकोणीस वर्षें झालीं होतीं.

२०२३ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें हें रसायन माणसास कर्करोग करणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या वर्गांत घातलें. अमेरिकन सरकारनें २०२४ मध्यें पिण्याच्या पाण्यासाठीं घातलेली मर्यादा कंपनीच्या १९९१ च्या मर्यादेच्या अडीचशेंव्या हिश्शाइतकी आहे.

हें प्रकरण आपल्यापासून वाटतें तितकें दूर नाहीं. याच वर्गाचीं रसायनें करणारा इटलींतील व्हिचेन्झाजवळचा मितेनी कारखाना २०१८ मध्यें दिवाळखोरींत निघाला, व पाणी दूषित केल्याबद्दल त्याच्या संबंधितांपैकीं अकरा जणांस २०२५ सालीं तेथील न्यायालयानें शिक्षा दिल्या. त्या कारखान्याची यंत्रसामग्री मधल्या काळांत विकली जाऊन रत्नागिरी जिल्ह्यांतील लोटे येथें आली. यावरून मी कोणावर आरोप करीत नाहीं. परंतु औद्योगिक वसाहतीच्या खालच्या अंगास ज्यांच्या विहिरी आहेत, त्यांनीं पाण्याची तपासणी पाणी चांगलें आहे तोंवरच करून गट क्रमांक व तारखेसह कागद जपून ठेवावा. मागचा कागद नसेल, तर विहीर पूर्वींपासूनच तशी होती, हें उत्तर ठरलेलें असतें. जनावर मेल्यास सरकारी पशुवैद्याकडून शवविच्छेदनाचा दाखला घ्यावा, व रोग्याच्या कागदपत्रांबरोबर तो त्या गांवीं किती वर्षें राहिला व कोणतें पाणी प्याला, हेंहि टिपून ठेवावें. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याप्रमाणें मंडळाच्या अधिकाऱ्यानें रीतसर घेतलेला, मोहोरबंद नमुनाच त्या कायद्याखालील खटल्यांत पुरावा म्हणून चालतो. आपण भरलेली बाटली तक्रारीस आधार देते, त्याची जागा घेत नाहीं.

नुकसानभरपाईसाठीं २०१० च्या कायद्यानें स्थापलेल्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे जातां येतें; त्याचें पश्चिम विभागाचें पीठ पुणें येथें आहे. भरपाईच्या अर्जास मुदत पांच वर्षांची. ती कारण प्रथम उद्भवल्या दिवसापासून मोजतात. पुरेसें कारण दाखविल्यास न्यायाधिकरण फार तर आणखी साठ दिवस देऊं शकतें.