पत्रातली मावशी



परक्या मुलखात जायचे म्हटले की पहिला प्रश्न पडतो, उतरायचे कुठे? आपल्या आष्टी तालुक्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास किती तरी कुटुंबे ऊस तोडायला जातात. मुकादम ओळखीचा असतो. टोळीत आपलीच माणसे असतात. तरी कोपीत पहिल्या रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. मग जिथे भाषा वेगळी, जेवण वेगळे आणि मध्ये समुद्र, अशा देशात एकट्या बाईने जायचे म्हणजे काय? १८८३ साली एक मराठी बाई अशी अमेरिकेला गेली. तिचे नाव आनंदीबाई जोशी. वय अवघे अठरा.

आनंदीबाईंचे माहेर कल्याणचे. जन्म ३१ मार्च १८६५ चा. नवव्या वर्षी लग्न झाले. नवरा गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला. चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. त्या काळी बायकांना पुरुष डॉक्टरपुढे जायची लाज वाटे, आणि बाई डॉक्टर तर मिळतच नसे. आपण डॉक्टर व्हायचे, असे आनंदीबाईंनी मनात घेतले. गोपाळरावांना बायकोला शिकवायचा ध्यास होता. पण स्वभाव हट्टी. शिकवताना रागवत, मारतही असत. हेही सांगितलेच पाहिजे.

१८७८ साली गोपाळरावांनी वाइल्डर नावाच्या अमेरिकन पाद्रीसाहेबांना पत्र लिहिले. बायकोला तुमच्या देशात शिकवायचे आहे, मदत करा, असे त्यात होते. वाइल्डरसाहेबांनी ते पत्र आपल्या मासिकात छापले. सोबत उत्तरही छापले. ख्रिस्ती व्हा, मग बघू! गोपाळरावांना ते मान्य नव्हते. गोष्ट तिथेच संपायची.

पण छापलेला कागद कुठे कुठे जातो बघा. १८८० साली ते मासिक अमेरिकेत एका दातांच्या डॉक्टरकडे पडलेले होते. रोझेल नावाच्या गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई तिथे आल्या होत्या. आपला नंबर यायला वेळ होता. म्हणून त्यांनी मासिक उचलले आणि ते पत्र वाचले. घरी जाऊन त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले. ना ओळख, ना पाळख! आनंदीबाईंनी उत्तर धाडले. मग तिकडून पत्र, इकडून पत्र, असे सुरू झाले. पत्रे बोटीने जात. उत्तराची वाट महिना महिना बघावी लागे. आनंदीबाईंची तब्येत बरी नसे, डोके दुखे, ताप येई. ते कळल्यावर बाईंनी अमेरिकेहून औषधे धाडली. एकमेकींचे तोंड पाहिलेले नव्हते, पण आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

जायचे ठरले तेव्हा लोकांनी नावे ठेवली. ही बाटणार, असे म्हणू लागले. तेव्हा जोशी पतिपत्नी बंगालमध्ये श्रीरामपूरला होती. तिथे आनंदीबाईंनी फेब्रुवारी १८८३ मध्ये भरसभेत इंग्रजीत सांगितले की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. ७ एप्रिलला त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या. सोबत काही मिशनरी बाया होत्या. गोपाळराव मागे राहिले. ४ जूनला बोट न्यूयॉर्कला लागली. धक्क्यावर कार्पेंटरबाई स्वतः घ्यायला आल्या होत्या.

तो उन्हाळा आनंदीबाई रोझेलला मावशीच्या घरी राहिल्या. घर मांस खाणारे, पाहुणी शाकाहारी. पण तुला आमचेच खावे लागेल, असे कोणी म्हटले नाही. कुंकू पूस, असेही कोणी म्हटले नाही. आनंदीबाईही कोपऱ्यात बसून राहिल्या नाहीत. घरकामाला हात लावत. आपल्याकडचा स्वयंपाक करून त्यांनी तिकडच्या मंडळींना जेवू घातले. पाहुणा आणि घरधनी, दोघांनी थोडे थोडे सरकून घेतले की घरात जागा होते.

ऑक्टोबरमध्ये त्या फिलाडेल्फिया शहरी बायकांच्या वैद्यकीय कॉलेजात दाखल झाल्या. आणि मग आली थंडी.

ती थंडी आपल्या शेकोटीने भागणारी नव्हे. आष्टी विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे १९ अंशांवर आहे, फिलाडेल्फिया ४० अंशांवर. जितके उत्तरेला जावे, तितका हिवाळ्यात सूर्य आभाळात खाली राहतो. ऊन तिरपे पडते. संध्याकाळच्या उन्हात दुपारसारखी धग नसते ना, तसेच. दिवसही लहान. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला आपल्याकडे जवळजवळ अकरा तास दिवस असतो. तिथे तो सव्वानऊ तासांच्या आसपास असतो. पाणी गोठते, बर्फ पडतो.

आनंदीबाई नऊवारी नेसत. त्यात पोटऱ्या उघड्या पडतात. मग त्यांनी गुजराती पद्धतीने, पायघोळ साडी नेसायला सुरुवात केली. माझ्या मते योग्य केले. पाय गारठवून धर्म राहतो, असे थोडेच आहे! पण राहायची खोली वाईट मिळाली. खोलीतली शेगडी नीट बांधलेली नव्हती, तिचा धूर खोलीतच कोंडे. पेटवावी तर धूर, न पेटवावी तर गारठा. त्यात तब्येत खालावली. (इथे एक सांगून ठेवतो. थंडीत कोळशाची शेगडी पेटती ठेवून दारे-खिडक्या लावून झोपू नका. तिच्यातून वास नसलेला विषारी वायू निघतो. माणूस झोपेतच दगावतो.)

डिसेंबरअखेर नाताळ येतो. त्या दिवसांत तिकडे शाळा-कॉलेजे बंद असतात आणि जो तो आपापल्या घरी जातो. आनंदीबाईंचे घर सात समुद्रांपलीकडे. पण सुट्टीत जायला त्यांना रोझेल होते. रेल्वेने काही तासांची वाट. आपण माहेरपणाला जातो, तसेच ते म्हणा ना.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई डॉक्टर झाल्या. पंडिता रमाबाई समारंभासाठी इंग्लंडहून आल्या होत्या. कोल्हापूरच्या इस्पितळात बायकांच्या विभागावर आनंदीबाईंची नेमणूक झाली. पण तोवर क्षयाने शरीर पोखरले होते. त्या वर्षअखेर त्या मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. बावीस वर्षे पूर्ण व्हायला महिनाभर बाकी होता. कोल्हापूरचे काम हाती घेता आलेच नाही.

त्यांच्या अस्थी अमेरिकेत कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या. बाईंनी त्या पकिप्सी गावी आपल्या घराण्याच्या दफनभूमीत पुरल्या. तिथे दगड उभा आहे. त्यावर आनंदीबाईंचे नाव आणि १८६५ ते १८८७ ही साले कोरलेली आहेत.

सराव : नकाशात कल्याण, कलकत्ता, न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया शोधा. तुमच्या घरचे किंवा ओळखीचे कोणी आज परगावी असेल, तर त्याला आपल्या हाताने चार ओळी लिहा. आपल्याकडची थंडी कशी आहे ते सांगा, तिकडची विचारा. पाकिटावर नाव, गाव, तालुका, जिल्हा आणि पिन स्वच्छ अक्षरात लिहा.