पासवर्ड बदलून भागत नाही

चॅटबॉटचं खातं दुसऱ्याच्या हाती गेलं की पहिला प्रश्न ठरलेला: 'पासवर्ड काय ठेवला होता?' विचारणाऱ्याच्या सुरातच निकाल लागलेला असतो. मला या प्रश्नाचा राग येतो, कारण बहुतेक वेळा तो गैरलागू असतो. जून 2023 मध्ये ग्रुप-आयबी या सुरक्षा कंपनीने चॅटजीपीटीची लॉगिनची माहिती चोरीला गेलेली एक लाखाहून जास्त उपकरणं मोजली. त्यांत सर्वाधिक, 12,632, भारतातली होती. हे पासवर्ड कुणी अंदाजाने ओळखलेले नव्हते. रॅकूनसारख्या चोरट्या प्रोग्रॅमनी ते ब्राउझरमधून उचलले होते. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर उतरवलं की असला पाहुणा अनेकदा सोबत येतो, आणि ब्राउझरमध्ये साठवलेला पासवर्ड आठ अक्षरी असो की चाळीस, तो सारखाच जातो. आमची यंत्रणा फुटलेली नाही, असं चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने तेव्हा सांगितलं. खरंच होतं ते. पण त्याच वर्षी मार्चमध्ये कंपनीच्या बाजूच्या एका बगमुळे काहींना परक्यांच्या संभाषणांची शीर्षकं दिसली, पैसे भरणाऱ्या काही ग्राहकांची बिलाची माहितीही उघडी पडली. तेव्हा मात्र कुणी कुणाला पासवर्ड विचारला नाही!

यावर कुणी म्हणेल, दुहेरी पडताळणी लावली की झालं. लावाच, आणि एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲप किंवा पासकी वापरा. पण हे चोरटे प्रोग्रॅम ब्राउझरच्या कुकीजही नेतात. कुकी म्हणजे आत शिरून झाल्यावर मिळालेला पास. तो ज्याच्याकडे, त्याला ना पासवर्ड विचारतात ना ओटीपी. म्हणून दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा आहे, आणि मदतकक्षाच्या छापील उत्तरांत अनेकदा नेमका तोच नसतो. तिथे भर असतो तो 'पासवर्ड रीसेट करा' यावर. त्याच बाधित संगणकावर नवा पासवर्ड टाकला तर तोही चोराला पोचतो. आधी दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून ईमेलचा पासवर्ड बदला, कारण गूगलने लॉगिन करत असाल तर चॅटबॉटची खरी किल्ली ईमेलच आहे. मग चॅटबॉटच्या सेटिंगमध्ये जाऊन सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करा, तिथला पासवर्ड असेल तर तोही बदला. बाधित संगणक साफ होईपर्यंत त्यावर लॉगिन करूच नका. खातं आपलंच आहे हे दाखवायला पैसे भरल्याच्या पावत्या जपा.

'माझ्या खात्यात आहे काय चोरण्यासारखं?' हा दुसरा आक्षेप, आणि तो ऐकून मी थकलो आहे. रक्ताचे रिपोर्ट, पगाराची स्लिप, राजीनाम्याचा मसुदा, भावाशी चाललेला जमिनीचा वाद: हे सगळं लोक तिथे सविस्तर लिहितात, आणि बॉटच्या 'मेमरी'त त्याचा सारांशही साठू शकतो. 2025 मध्ये मोबाइल कंपन्यांनी रिचार्जसोबत महागड्या एआय योजना फुकट वाटल्या. खाती धडाधड उघडली गेली, सेटिंग किती जणांनी पाहिली असतील कोण जाणे. त्याच वर्षी चॅटजीपीटीवर शेअर केलेली काही संभाषणं गूगलच्या शोधात दिसू लागली होती. शेअर करताना एका चौकटीत खूण करून वापरणाऱ्यानेच त्याची परवानगी दिलेली होती, म्हणून पुन्हा बोट त्याच्याकडेच. ओपनएआयने ती सोय नंतर काढून टाकली, म्हणजे चौकटीतच काहीतरी चुकत होतं. शेअर केलेल्या लिंकांची यादी सेटिंगमध्ये सापडते. नको त्या तिथूनच पुसा, आणि मेमरीत काय साठलंय तेही त्याच बैठकीत वाचून काढा.