नेढ्यात दोरा तुम्ही ओवू नका

आई-बाबांनो, शनिवारी संध्याकाळी नागपुरात बर्डीच्या बाजारात गेलात तर मोठ्या नेढ्याची एक सुई आणि पांढऱ्या दोऱ्याचं रीळ घेऊन ठेवा. जुन्या सुती साडीचा वीतभर तुकडा घरात मिळेलच. रविवारी सकाळी, उन्हं चढायच्या आत, पोरांना घेऊन पायीच महाराजबागेत या. भोसल्यांच्या काळातली ही बाग आता कृषी विद्यापीठाकडे आहे. पोरं आधी प्राणी बघायला धावतील. धावू द्या.

मग रुंद पानांच्या झुडपांपाशी थांबा. चिमणीहूनही लहान, हिरवट पाठीचा, तांबूस माथ्याचा, शेपटी ताठ उभी धरणारा पक्षी दिसेल. त्याआधी त्याचा आवाजच ऐकू येईल, अंगाच्या मानाने भलताच मोठा. हा शिंपी. शिवणकाम करते ती मादी. चोचीने पानाच्या कडेला बारीक भोकं पाडते आणि त्यांतून कापसाचे तंतू, कोळ्याचं जाळं ओढून पानाचा खिसा शिवते. भोकं इतकी बारीक की पान हिरवंच राहतं. या शिवणीला गाठ नसते. भोकातून बाहेर आलेलं तंतूचं टोक पिंजून फुगतं आणि तिथेच अडकून बसतं. गाठीपाशी हमखास रडणाऱ्या पोरांना हे जरूर सांगा.

आपल्या विदर्भातली पळसाची पत्रावळही अशीच, दोऱ्यावाचून, नुसत्या काड्यांनी टाचलेली. आणि गडचिरोलीकडच्या जंगलातल्या लाल मुंग्या तर पानं जोडताना स्वतःच्या अळ्याच तोंडात धरतात; अळीच्या रेशमाने पान चिकटतं. सुई म्हणा की रीळ, दोन्ही तीच!

आता सावलीत बसा. खाली गळलेली दोन पानं कपड्यावर ठेवून पोरांना टाके घालू द्या. वेडेवाकडे पडतील, पान फाटेल, दुसरं घेतील. तुमचे हात शिवशिवतील, माझे अजून शिवशिवतात. आयुष्यभर शिवण शिकवली. वाकडा धावदोरा दिसला की उसवून सरळ करावासा वाटतो.

पण याच हातांनी मी आठ-नऊ वर्षांची असताना अंगणातल्या जास्वंदीचं एक शिवलेलं पान उलगडून पाहिलं होतं. आत तीन इवलीशी अंडी. घाबरून मी आजीच्या डब्यातला दोरा आणला आणि पान पुन्हा शिवलं, चांगले बारीक, सरळ टाके घालून, शेवटी गाठ मारून. पक्षीण दोनदा झुडपावर आली, ओरडली, गेली. तिसऱ्या दिवशी अंड्यांना मुंग्या लागल्या होत्या.

म्हणून पावसाळ्यात घरटं सापडलं तर चार पावलं मागूनच बघा. नातीला मी हे सांगितलं, तर तिने विचारलं, "आजी, तू गाठ का मारलीस?"