आधी आवळ, मग सोड

बाळा, तू पाठवलेले फोटो नीट पाहिले. चारही टायर बसलेले, बॉनेटवर चिंचेचा पाला, डिकीत उंदराचं घर. तरी पद्मिनी आहे, त्यामुळे जीव लावावा अशीच आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी १९६४ पासून फियाट ११०० म्हणून बनायची, १९७४ पासून तिचं नाव पद्मिनी झालं. आम्ही मात्र शेवटपर्यंत तिला फियाटच म्हणत आलो. तुझ्याकडे हत्यारं कमी आहेत म्हणतोस. हत्यारं घरात सापडतात. मी जे शिकलो ते सांगतो, जमेल तसं वहीत उतरव.

पान्याला हात लावण्याआधी आरसी बुक काढ आणि चासी नंबर जुळवून बघ. तो जिथे ठोकलेला आहे ती जागा ग्राइंडरने घासायची नाही, तिच्यावर लांबी भरायची नाही. पंधरा वर्षांवरच्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, तेव्हा आरटीओत त्या नंबरावर कागद धरून पेन्सिलने छापा घेतात. छापा उठला नाही तर सगळी मेहनत दारातच उभी राहील. रंग बदलायचा असेल तर तेही आधी आरटीओला कळव.

मग एक लोहचुंबक घे. जुन्या स्पीकरचा चालेल. रुमालात गुंडाळून गाडीच्या अंगावरून हळूहळू फिरव. जिथे तो चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी आहे. दाराचा खालचा काठ, पायाखालची फरशी, दाराखालचा उंबरठा आणि जॅक लावायच्या जागा मन लावून तपास. या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडीचा पत्राच सगळा भार उचलतो. म्हणून उंबरठा कुजलेला असेल तर तो कापण्याआधी गाडीला खालून पुढे-मागे आधार दे आणि दार लावून फट बघून ठेव. कापल्यावर ती फट बदलली तर बॉडी वाकली असं समज.

आधार म्हणजे विटा नव्हेत. ऐन उमेदीत मी विटांच्या दोन चळती लावून गिअरबॉक्सखाली शिरलो होतो. चौदाचा पाना आणायला बाहेर आलो आणि मागे चळत भुगा होऊन गाडी खाली बसली. वीट फुटण्याआधी कसलीच सूचना देत नाही. रेल्वेच्या जुन्या स्लीपरचे तुकडे लाकडाच्या वखारीत विचार, ते आडवे-उभे रचून ठेव. शिवाय काढलेलं चाक आडवं करून उंबरठ्याखाली सरकव. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली बोटसुद्धा घालायचं नाही.

आता नटाचं. यावरच तुझा निम्मा वेळ जाणार आहे. गंजलेला नट थेट सोडायला गेलास की बोल्ट तुटतो. आधी तारेच्या ब्रशने बाहेर दिसणारे आटे साफ कर, डिझेल सोड आणि रात्रभर ठेव. सकाळी नटाच्या डोक्यावर हातोडीचे चार सरळ ठोके दे, म्हणजे गंजाची पकड हलते. मग कणभर आवळ. हो, आवळच. गंजाची कडी आवळताना फुटते. नंतर पाव फेरा सोड, परत थोडा आवळ, डिझेलचा थेंब, परत सोड. पान्यावर पाईप चढवायचा मोह होईल. पाईपने जोर वाढतो, पण बोल्ट काय सांगतोय ते हाताला कळेनासं होतं. तुटण्याआधी बोल्ट मऊ लागतो, रबर पिळल्यासारखा. तसं लागलं की तिथेच थांब आणि त्या दिवशी दुसरं काम घे. अगदीच हट्टी असेल तर ब्लोलँपने नट तापव आणि आट्यांना मेणबत्ती टेकव. वितळलेलं मेण आत खेचलं जातं. पेट्रोलची टाकी नि नळ्या उतरवल्या नसतील तर मात्र ज्योत पेटवायची नाही.

निघालेला प्रत्येक बोल्ट कुठला ते लक्षात राहील असं वाटतं, राहत नाही. चपलांच्या खोक्याचा पुठ्ठा घे, त्यावर हेडचं, वॉटरपंपचं चित्र काढ आणि जिथला बोल्ट तिथेच टोचून ठेव. व्हॉल्व्हसाठी अंड्यांचा ट्रे. प्लगच्या वायरींना दोऱ्याच्या गाठी मार: पहिल्या सिलिंडरला एक, दुसऱ्याला दोन. चिकटपट्टी तेलाने सुटते, गाठ सुटत नाही. फायरिंगचा क्रम एक-तीन-चार-दोन असतो, तो बॉनेटच्या आत खडूने लिहून ठेव.

इंजिन जाम आहे असं लिहिलंस. म्हणून स्टार्टरची किल्ली फिरवूच नकोस, बॅटरीची अर्थची वायर काढून ठेव. चारही प्लग काढ, प्रत्येक सिलिंडरमध्ये निम्मं डिझेल निम्मं इंजिन ऑइल असं चहाचा अर्धा कप घाल आणि आठवडाभर गाडीकडे फिरकू नकोस. मग टॉप गिअर टाकून गाडी हाताने पुढे-मागे डोलव. पहिल्या दिवशी कदाचित काहीच होणार नाही. पुन्हा घाल, पुन्हा थांब. सुटलं की प्लगच्या भोकांवर फडकं धर, कारण आतलं तेल पिचकारीसारखं उडतं. तेल बदलल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही.

गंजलेले ब्रॅकेट, बिजागऱ्या यांना घासत बसू नकोस. प्लॅस्टिकच्या बादलीत पाणी आणि मूठभर धुण्याचा सोडा घे. बॅटरी चार्जरची निगेटिव्ह वायर गंजलेल्या भागाला, पॉझिटिव्ह वायर साध्या लोखंडाच्या तुकड्याला. दोघं एकमेकांना टेकता कामा नयेत. रात्रीत गंज काळा होऊन सुटतो. हे उघड्यावर कर, कारण यातून हायड्रोजन निघतो. स्टीलचा चमचा पॉझिटिव्हला लावायचा नाही, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. मिठाचं पाणीही नको. भाग निघाला की धू, उन्हात वाळव आणि त्याच दिवशी रेडऑक्साइड मार. आपल्याकडच्या दमट हवेत उघडा पत्रा एका रात्रीत तांबूस होतो. पत्र्याचं सगळं काम म्हणून दिवाळीनंतर धर, मिरगाच्या आत संपव.

कार्बोरेटरच्या पितळी जेटमध्ये तार घालू नकोस. भोक कणभर जरी मोठं झालं तरी गाडी पेट्रोल पीत राहते. फुंकून निघालं नाही तर वायरीतला तांब्याचा एक बारीक धागा वापर, तो पितळेपेक्षा मऊ असतो. पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा नवे घे. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, जुनं रबर त्याला टिकत नाही.

टायमिंगसाठी टेललाइटचा बल्ब आणि दोन वायरी पुरतात. एक वायर डिस्ट्रिब्युटरच्या पॉईंटच्या टर्मिनलला, दुसरी बॉडीला. इग्निशन चालू ठेवून इंजिन हाताने फिरव. पॉईंट उघडतो त्या क्षणी बल्ब लागतो. खुणेवर लागला की टायमिंग बसलं. प्लगच्या गॅपला हॅक्सॉ ब्लेड घाल, त्याची जाडी साधारण ०.६ मिलिमीटर असते, काम भागतं.

हे सगळे जुगाड हत्याराचे आहेत. ब्रेक आणि स्टिअरिंगच्या भागांत जुगाड मला चालणार नाही. ब्रेकची हवा काढायला सलाइनची नळी आणि बाटली खुशाल वापर, पण आत ब्रेक ऑइलच जाईल, तेही सीलबंद डब्यातलं. साधं इंजिन ऑइल घातलंस तर व्हीलसिलिंडरची रबरं फुगतात आणि ब्रेक जातो. रबरं, होजपाईप, शू सगळं नवं घे. पैसे कमी पडले तर रंग पुढच्या वर्षी दे. ड्रममधली धूळ तोंडाने फुंकू नकोस, जुन्या शूंमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पूस.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली आणि वीस वर्षं भरल्यावर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. आता ज्या उरल्या त्या तुझ्यासारख्यांच्या दारात. म्हणून मधेच सोडून देऊ नकोस. इंजिन हाताने फिरायला लागलं की मला फोन कर, पहिला स्टार्टर मारायच्या आधी. टायमिंगचा बल्ब मी सोबत आणतो.