ऐन मोक्याला हुकमी खेळाडू बाकावर!

प्रश्न : ‘एनबीए टू-के’ हा बास्केटबॉलचा व्हिडिओ गेम खेळताना सामना रंगात आला, की माझा हुकमी खेळाडू आपोआप बाकावर जातो. हे कसं थांबवायचं?

उत्तर : हा निर्णय तुमच्या वतीनं गेममधला प्रशिक्षक घेतो. सामना पॉज करून कोच सेटिंग्ज उघडा आणि खेळाडू-बदलाचा पर्याय ‘ऑटो’वरून ‘मॅन्युअल’ करा. मग संघाची सूत्रं तुमच्या हाती. पण काळजीही तुमचीच! खेळाडूची दमछाक दाखवणारी पट्टी बघत राहा. दमलेल्याचा वेग मंदावतो आणि नेमही चुकतो. फाउलही मोजा. एनबीएच्या नियमानुसार ६ फाउल झाले, की खेळाडू बाद. म्हणून सुरुवातीलाच २ फाउल झालेल्याला थोडा वेळ बसवलेलं बरं.

आणखी एक गोष्ट. बदल निवडला, तरी तो लगेच होत नाही. फाउल झाला किंवा चेंडू मैदानाबाहेर गेला, म्हणजे खेळ थांबला, की नवा खेळाडू आत येतो. घाई असेल तर टाइमआउट घ्या.

नवख्यांसाठी मधला मार्ग : तीन क्वार्टर ‘ऑटो’वर खेळा, चौथ्यात ‘मॅन्युअल’ करा. मोक्याच्या क्षणी तुमचा हुकमाचा एक्का मैदानातच राहील.