खेळाडूचे रक्त आणि स्टेरॉइडांचा शोध

शरीरात जो पदार्थ मुळीच असावयास नको, तो रक्तात किंवा मूत्रात सापडला म्हणजे तो बाहेरून आला हे उघड होते. परंतु जो पदार्थ शरीर स्वतःच तयार करते, तोच बाहेरून घेतला असेल तर तो ओळखावा कसा? खेळाडूंनी घेतलेल्या स्टेरॉइडांचा शोध घेताना शास्त्रज्ञांपुढे जो सर्वांत कठीण प्रश्न उभा राहिला, तो हाच होय.

टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक पुरुषाच्या शरीरात मुख्यतः वृषणांत तयार होते. स्त्रियांच्या शरीरातही ते अल्प प्रमाणात असते. स्नायूंच्या वाढीस ते कारणीभूत होते. १९३५ साली ते शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले, आणि त्याच वर्षी बूटेनांट व रुझिचका या शास्त्रज्ञांनी ते कृत्रिम रीतीने तयार केले. काही रोगांत ते मोलाचे औषध ठरले. परंतु निरोगी खेळाडू बळ वाढविण्यासाठी ते घेऊ लागले, तेव्हा खेळातील न्याय तर बिघडलाच, शिवाय हृदय आणि प्रजननशक्ती यांनाही अपाय होऊ लागला.

टेस्टोस्टेरॉनच्या रेणूत फेरफार करून बनविलेली स्टेरॉइडे शरीरात निसर्गतः नसतात. म्हणून ती ओळखणे त्या मानाने सोपे असते. लंडनचे रेमंड ब्रुक्स यांनी प्रतिपिंड व किरणोत्सर्गी पदार्थ यांच्या साहाय्याने अशी एक परीक्षा तयार केली. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये स्टेरॉइडांसाठी प्रथमच तपासणी झाली, आणि ८ खेळाडू दोषी आढळले. खुद्द टेस्टोस्टेरॉन घेणारा मात्र या तपासणीतून निसटत असे.

यावर जर्मन शास्त्रज्ञ मानफ्रेड डोनिके यांनी उपाय सुचविला. शरीरात एपिटेस्टोस्टेरॉन नावाचा दुसरा एक पदार्थही तयार होतो. बहुतेकांच्या मूत्रात या दोहोंचे प्रमाण जवळजवळ सारखेच असते. टेस्टोस्टेरॉन बाहेरून घेतले तर पहिल्याचे प्रमाण वाढते, दुसऱ्याचे वाढत नाही. म्हणून या दोहोंचे गुणोत्तर ६ पेक्षा अधिक असल्यास संशय घ्यावा असे ठरले. २००५ साली ही मर्यादा ४ करण्यात आली.

परंतु सर्व माणसे सारखी नसतात. टेस्टोस्टेरॉन मूत्रावाटे बाहेर टाकण्याच्या कामी येणारे एक जनुक काही व्यक्तींत नसते; पूर्व आशियातील लोकांत अशा व्यक्ती बऱ्याच आढळतात. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील एका अभ्यासात, अशा काहींना टेस्टोस्टेरॉन टोचूनही त्यांचे गुणोत्तर ४ च्या वर गेले नाही. उलट, काही निर्दोष व्यक्तींचे गुणोत्तर निसर्गतःच अधिक असते. म्हणजे एकाच मापाने सर्वांना मोजल्यास दोषी सुटण्याचा आणि निरपराध अडकण्याचा धोका संभवतो.

येथे रक्त उपयोगी पडते. टोचावयाचे टेस्टोस्टेरॉन बहुधा एस्टरच्या रूपात, तेलात मिसळून देतात. एस्टर म्हणजे मूळ रेणूला आम्लाचे शेपूट जोडून बनविलेले संयुग. त्यामुळे औषध स्नायूतून हळूहळू रक्तात उतरते, आणि रक्तातील विकरे ते शेपूट तोडून टाकतात. मूत्रात हे एस्टर अखंड सापडत नाही. रक्तात मात्र त्याचा काही अंश काही काळ अखंड राहतो. मनुष्याचे शरीर असे एस्टर स्वतः तयार करीत नाही. म्हणून रेणूंच्या वस्तुमानावरून त्यांची ओळख पटविणाऱ्या यंत्राने रक्तात ते दाखविले, की पदार्थ बाहेरून आला हे सिद्ध होते. रक्ताचे थेंब विशिष्ट कागदावर वाळविल्यास विकरांचे कार्य थांबते आणि नमुना सुरक्षित राहतो. २०२१ पासून ही पद्धत जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या नियमांत समाविष्ट आहे.

त्वचेवर चोळावयाच्या मलमात मात्र एस्टर नसते. अशा वेळी खेळाडूच्या रक्तातील टेस्टोस्टेरॉन वेळोवेळी मोजून त्याची नोंद ठेवतात. टेस्टोस्टेरॉन ज्यापासून बनते त्या अँड्रोस्टेनेडायोनशी त्याचे गुणोत्तरही पाहतात. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतल्यास हे गुणोत्तर वाढते. ही नोंद खेळाडूच्या ‘जैविक पारपत्रात’ २०२३ पासून घेतली जाते. स्त्री-खेळाडूंच्या बाबतीत, तसेच वर सांगितलेले जनुक नसलेल्यांच्या बाबतीत, तिचा विशेष उपयोग होतो.

या पद्धतीत खेळाडूची तुलना इतरांशी न करता त्याच्या स्वतःच्याच पूर्वीच्या नोंदींशी केली जाते. आजार, औषधे किंवा गर्भधारणा यांमुळेही अशा नोंदी बदलू शकतात. म्हणून असाधारण नोंद आढळताच दोष दिला जात नाही, तर तज्ज्ञ तिची कारणे पडताळून पाहतात. प्रामाणिक खेळाडूचे यश आणि निरपराध खेळाडूचे नाव या दोहोंचे रक्षण करील, तीच परीक्षा खरी शास्त्रीय म्हणावयाची.