मीन राशीतील अमावास्या : झाशीचे एक उदाहरण

ज्या तिथीच्या अखेरीस सूर्य आणि चंद्र क्रांतिवृत्ताच्या एकाच अंशावर येतात, ती अमावास्या. ‘अमा’ म्हणजे एकत्र आणि ‘वस्’ म्हणजे राहणे. व्याख्या नावातच आली आहे. ही युती ज्या राशीत घडते, ती त्या अमावास्येची रास होय.

फलज्योतिषाच्या मते चंद्र हा मनाचा कारक असून अमावास्येस तो क्षीण असतो. ही तिथी पितरांची. मीन ही बारावी रास, जलतत्त्वाची, गुरूच्या स्वामित्वाखालची. कालपुरुषाची ती पावले. बारावे स्थान व्ययाचे असल्याने मीन राशीतील अमावास्येकडे अखेर, व्यय आणि निरोप यांचे सूचक म्हणून पाहिले जाते. या अमावास्येनंतर चैत्र शुद्ध प्रतिपदा येते, म्हणजे पंचांगातही ती वर्षाची अखेरच असते.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. 15 मार्च 1858 रोजी मीन राशीत अमावास्या झाली. झाशीच्या नेवाळकर दरबारातील मराठी मंडळींच्या अमान्त गणनेनुसार ती फाल्गुनातील. बुंदेलखंडातील पूर्णिमान्त गणनेनुसार तीच चैत्रातील. महिन्याचे नाव हा लोकांनी ठरवलेला संकेत आहे, रास मात्र आकाशातील स्थितीवरून ठरते. म्हणूनच एका गावात दोन महिने नांदले, तरी अमावास्या एकच राहिली.

दुसऱ्या दिवशी गुढीपाडव्याने शके 1780 सुरू झाले. 21 मार्चला सर ह्यू रोजचे सैन्य झाशीपुढे होते. 1 एप्रिलला बेतवेच्या काठी तात्या टोपे यांचा पराभव झाला, 3 एप्रिलला इंग्रज शहरात घुसले आणि पुढे राणी लक्ष्मीबाई किल्ला सोडून काल्पीकडे निघाल्या. वरसईचे विष्णुभट गोडसे त्या वेळी शहरातच होते. लूट आणि कत्तल यांची त्यांनी पाहिलेली हकिगत ‘माझा प्रवास’ या ग्रंथात वाचावयास मिळते.

अखेर, व्यय, निरोप! फळ अक्षरशः खरे ठरले, असे कोणास वाटेल. परंतु येथेच थांबून विचार केला पाहिजे. त्याच अमावास्येस सूर्यग्रहण होते आणि कंकणाकृती ग्रहणाचा पट्टा इंग्लंडवरून गेला होता. ग्रहण जेथे दिसते तेथेच त्याचे फळ, हा रूढ संकेत. त्या न्यायाने अरिष्ट इंग्लंडवर यावयास हवे होते. पडली ती झाशी. शिवाय मीन राशीत अमावास्या बहुधा दरवर्षी होते, झाशी मात्र दरवर्षी पडत नाही. तिच्या पतनाची कारणे वेढा घालणाऱ्या तोफांत आणि बेतवेकाठी हुकलेल्या मदतीत शोधावी लागतात.

तेव्हा अभ्यासकाने तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. अमावास्येची रास हे गणित आहे, ते तपासता येते. महिन्याचे नाव ही रूढी आहे, ती प्रदेशागणिक बदलते. फळ हा अर्थ आहे, तो माणूस लावतो. घटना घडून गेल्यावर लावलेल्या अर्थाला भाकीत म्हणता येत नाही. झाशीच्या तटावर उभे राहून लढलेल्यांचे कर्तृत्व आणि त्यांचे दुःख राशीच्या खात्यावर मांडणे हा त्यांच्यावर अन्यायच होईल.